जमीन जागची हलत नाही



व्याख्यानाचा विषय तुम्हीच ठरवा, असं मंडळाच्या चिटणीसांनी मला सांगितलं होतं. मी तो कळवला आणि दोन दिवस पलीकडून काही हालचाल नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. "वकीलबाई, विषय चांगला आहे हो, पण पत्रिकेवर 'मृत्युपत्र' म्हणजे जरा... 'इच्छापत्र' छापलं तर?" मी म्हटलं, खुशाल छापा. कायद्याला दोन्ही चालतात. त्या शब्दाने कुणी दगावल्याचं माझ्या वकिलीत तरी ऐकिवात नाही.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, ते शाळा सुटल्यावर पोस्टाच्या ओट्यावर बसून लोकांना अर्ज लिहून द्यायचे. पेन्शनचा अर्ज, सातबाऱ्यावर नाव लावायचा अर्ज, मनिऑर्डर पोचली नाही म्हणून तक्रार. लिहिण्याआधी ते म्हणे एवढंच विचारायचे, "हा वाचणार कोण?" मामलेदार वाचणार असेल तर एक भाषा, पोस्टमास्तर वाचणार असेल तर दुसरी. मला आज जे सांगायचं आहे ते या प्रश्नातच आहे. तुमचं मृत्युपत्र वाचणार कोण? तुम्ही नाही. मुलंही एकदाच वाचतील. पुन्हा पुन्हा वाचणार तो परका माणूस. बँकेच्या खिडकीमागचा, सोसायटीचा सेक्रेटरी, तलाठी, दुबईतला कारकून, न्यू जर्सीतल्या कोर्टातला अधिकारी. त्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. आणि "अहो, मला असं म्हणायचं होतं" हे सांगायला तुम्ही तिथे नसणार.

आता जरा हात वर करा. ज्यांचं निदान एक मूल परदेशात आहे असे किती? ...निम्म्याहून जास्त. वर ठेवा. आता ज्यांनी मृत्युपत्र केलेलं नाही त्यांनीच वर ठेवा. ...बघा, फारसे खाली आलेच नाहीत! आणि डिसेंबर आहे, तेव्हा ती परदेशातली मुलंही काही इथे बसलेली दिसतायत. दाताचं काम, बँकेची केवायसी, मामेबहिणीचं लग्न, कोकणात चार दिवस, की विमान. तीन आठवड्यांत सगळे विषय होतात, हा एक होत नाही. आईने काढला तर मुलगा म्हणतो, "असं काय बोलतेस!" मुलगा काढत नाही, कारण आईला वाटेल हा घरावर डोळा ठेवून आलाय.

तर पहिली गोष्ट. घर एक असतं, कुटुंब एक असतं, म्हणून आपल्याला वाटतं कायदाही एकच असणार. तसं नाही. एक ढोबळ नियम आपल्यासह बरेच देश पाळतात: स्थावराला ते जिथे आहे तिथला कायदा, आणि जंगमाला, म्हणजे पैसे, शेअर, दागिने यांना, मरणाऱ्याच्या कायमच्या देशाचा कायदा. माणूस जगभर फिरेल, पण जमीन जागची हलत नाही.

समजा, नाशिकचा एक माणूस. हिंदू. वय पंचेचाळीस, दुबईत इंजिनिअर. नाशिकला स्वतःच्या कमाईचा फ्लॅट, दुबईच्या बँकेत बऱ्यापैकी शिल्लक. घरी बायको, शाळेत जाणारी दोन मुलं, आणि नाशिकला आई-वडील. मृत्युपत्र नाही. आणि एक दिवस तो जातो.

नाशिकच्या फ्लॅटचं काय होतं? १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागतो. बायको, दोन मुलं आणि आई, चार सारखे वाटे. वडिलांना काही नाही. पहिल्या वर्गाच्या वारसांत आई आहे, वडील नाहीत. फ्लॅटच्या पहिल्या हप्त्याचे पैसे वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून काढून दिले होते, ते कागदावर कुठेच नाही. बरं, बायकोने ठरवलं की फ्लॅट विकू, मुलांच्या शिक्षणाला पैसे होतील. विकता येत नाही. मुलं अज्ञान आहेत, त्यांच्या वाट्याची स्थावर मिळकत विकायला आईलासुद्धा आधी कोर्टाची परवानगी लागते. मुलांसाठीच मुलांचा फ्लॅट विकायचा आणि त्यासाठी मुलांच्या आईने कोर्टात उभं राहायचं.

आता दुबई. तिथे मुस्लिमेतरांसाठी २०२२ साली नवा कायदा झाला, फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. मृत्युपत्र नसेल आणि आपल्या देशाचा कायदा लावा अशी कुणी मागणी केली नाही, तर निम्मं जोडीदाराला, निम्मं मुलांना, मुलगा-मुलगी सारखी. आईला? मुलं असताना काही नाही. म्हणजे त्याच मुलाची तीच आई नाशिकमध्ये चौथ्या हिश्श्याची वारस आहे आणि दुबईत कुणीच नाही! कोणता कायदा चांगला, हा वेगळा प्रश्न. माझा प्रश्न साधा आहे: या दोन्हींपैकी एक तरी वाटणी त्या माणसाने स्वतः केली असती का? आणि हे सगळं मिटेपर्यंत बँक खातं गोठवते. घरभाडं आणि शाळेची फी त्याच खात्यातून जात असते. दुबईत मुस्लिमेतरांना इंग्रजीत मृत्युपत्र नोंदवायची सोय २०१५ पासून आहे, पण "करू सावकाश" हे वाक्य आपण मराठी माणसं कुठल्याही विमानतळावर उतरवून ठेवत नाही.

जमीन हलत नाही म्हटलं, पण गोवेकर श्रोत्यांनी मला इथेच थांबवलं पाहिजे. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आहे. तिथे पती-पत्नीची मिळकत सहसा सामाईक, म्हणजे निम्मी मुळातच जोडीदाराची. उरलेल्या निम्म्यातलाही निम्मा भाग मुलांसारख्या हक्काच्या वारसांसाठी राखीव असतो, मृत्युपत्राने त्यांना डावलता येत नाही. एका गोवेकराने मुंबईतलं घर मृत्युपत्राने एकाच मुलीला दिलं होतं. घर मुंबईत, मग कायदा कुठला? २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: माणूस मूळचा गोव्याचा, तर त्याच्या भारतातल्या सगळ्या मिळकतीला गोव्याचाच कायदा. जमीन हलली नाही, पण माणूस आपला कायदा पाठीवर घेऊन मुंबईत आला. माझ्या शीर्षकाला सुरुंग लागला, मान्य आहे. पण यातून कळतं काय? 'आमच्याकडे काय मोठी इस्टेट आहे' म्हणणाऱ्याच्या दोन खोल्यांवरही दोन कायद्यांची भांडणं होऊ शकतात. आणि मुसलमान कुटुंबात साधारणपणे एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही, हेही जाता जाता सांगते.

दुसरी गोष्ट बायकांची. इथे जरा जास्त बोलणार आहे, वेळ झाली तरी घंटा वाजवू नका.

हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिची मिळकत आधी मुलं आणि नवरा यांना. ते नसतील तर कुणाला? तिच्या आई-वडिलांना? नाही. नवऱ्याच्या वारसांना. आई-वडील त्यांच्यानंतर. एक खरा खटला आहे. मुलीचं लग्न झालं, तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरी परतली, शिकली, नोकरी केली, पैसे साठवले. १९९६ मध्ये ती मृत्युपत्र न करता वारली. तिच्या कष्टाच्या पैशावर तिच्या आईने हक्क सांगितला, आणि दुसरीकडून कोण आलं? नवऱ्याच्या बहिणीची मुलं. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, पैसे त्यांचे. न्यायालयाने सहानुभूती दाखवली, पण कायद्यात जे लिहिलंय ते लिहिलंय.

हे सांगितल्यावर माझ्या ऑफिसात समोर बसलेल्या बाई गप्प झाल्या होत्या. ह्यूस्टनला असतात, चांगली नोकरी, मूल नाही, नवरा गेल्याला सहा वर्षं. पुण्यातला फ्लॅट स्वतःच्या पगारातून घेतलेला. आई त्यात राहते. म्हणाल्या, "म्हणजे आईच्या डोक्यावरचं छप्पर माझ्या दिरांचं?" म्हटलं, आज तुम्हाला काही झालं तर, हो. आई-वडिलांकडून वारशाने आलेली मिळकत असती तर वेगळा नियम होता, ती माहेरी परत गेली असती. पण स्वकष्टाची सासरी जाते. कष्ट जितके आपले तितकी मिळकत परकी, असा हा हिशेब आहे. त्याला उत्तर दोन पानांचं. त्याच दुपारी त्यांनी ते केलं, विमान दुसऱ्या दिवशी पहाटेचं होतं.

आता नॉमिनी. इथे प्रत्येक जण म्हणतो, "आमचं सगळं झालंय, नॉमिनेशन केलंय." अहो, नॉमिनी म्हणजे वारस नव्हे! बँकेने पैसे कुणाच्या हातात द्यायचे आणि सोसायटीने कुणाशी पत्रव्यवहार करायचा एवढंच त्याने ठरतं. मालक वारस किंवा मृत्युपत्रातला लाभार्थी. या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी जो निकाल दिला, तो खटला मराठी घरातला होता, कालनिर्णयकर्ते जयंत साळगावकर यांच्या मिळकतीसंबंधीचा. शेअर आणि म्युच्युअल फंडांचा नॉमिनी मालक होत नाही, असं तिथे पक्कं झालं. आता बँकेत चार नॉमिनी नेमता येतात. चांगलं आहे, जरूर नेमा. पण न्यू जर्सीतल्या मुलाचं नाव फॉर्मवर लिहिलं की धाकटीला आपोआप कळेल की निम्मं तिचं आहे, या भरवशावर राहू नका.

कराविषयी थोडक्यात. आपल्याकडे मृत्यूनंतरचा कर १९५३ साली आला, अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. १९८५ साली विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तो काढला. त्यामुळे आपली एक पिढी अशी वाढली की मेल्यावर कर लागतो हेच तिला ठाऊक नाही. पण ब्रिटनमध्ये लागतो, सव्वातीन लाख पौंडांच्या वरच्या रकमेवर सर्वसाधारण दर ४० टक्के, आणि एप्रिल २०२५ पासून गेल्या वीस वर्षांतली दहा वर्षं तिथे राहिलेल्यांच्या जगभरच्या मिळकतीचा विचार होतो. अमेरिकेत तर एक गंमत आहे. तिथल्या नागरिकाला कोट्यवधी डॉलरपर्यंत सूट. आणि जो तिथला नागरिक नाही आणि तिथे राहतही नाही, समजा, वीस वर्षं काढून औंधला परतला, पण कंपनीने दिलेले शेअर तसेच ठेवले, त्याला सूट फक्त ६०,००० डॉलरची! वरच्या रकमेवर कर चढत चढत ४० टक्क्यांपर्यंत. पुण्यात बसून मोबाइलवर अमेरिकन शेअर घेणाऱ्या तरुणांनाही हेच लागू. माझ्या भाच्याला सांगितलं, तर म्हणाला, "मावशी, ॲपवर असं काही लिहिलं नव्हतं."

मग करायचं काय? दोन देशांत मिळकत असेल तर दोन मृत्युपत्रं करा. भारतातल्या मिळकतीपुरतं एक, इथे. तिथल्या मिळकतीपुरतं दुसरं, तिथे. का? कारण तिथलं मूळ मृत्युपत्र तिथल्या कोर्टात अडकलेलं असताना इथला फ्लॅट ताटकळतो.

पण यात एक सापळा आहे. एक गृहस्थ शिकागोजवळ राहायचे. त्यांनी पुण्यात मृत्युपत्र केलं: फ्लॅट धाकट्या बहिणीला, कारण आईचं शेवटपर्यंत तिनेच केलं. पुढे दहा वर्षांनी तिथल्या वकिलाकडून नवं मृत्युपत्र केलं. त्याचं पहिलंच वाक्य, जे तिथल्या प्रत्येक छापील नमुन्यात असतं: 'यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे.' आणि शेवटी, सगळं पत्नीला. त्या वकिलाला पुण्याच्या फ्लॅटचा पत्ताच नव्हता. गृहस्थ गेले, आणि त्या एका वाक्याने बहिणीचं छप्पर गेलं. कुणाची लबाडी नव्हती. गुरुजींचा प्रश्न विचारला नव्हता, एवढंच. म्हणून दोन्ही कागदांत स्पष्ट लिहा: हे मृत्युपत्र फक्त अमुक देशातल्या मिळकतीपुरतं आहे, दुसऱ्या देशातलं मृत्युपत्र याने रद्द होत नाही.

इथलं मृत्युपत्र करायला लागतं तरी काय? स्टॅम्प पेपर नको. कोऱ्या कागदावर चालतं, मराठीत चालतं. तुमची सही, आणि ती पाहणारे दोन साक्षीदार, त्यांनी तुमच्यासमोर सह्या करायच्या. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून ठेवावी असं मी सांगते. वय झालं असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडावा. साक्षीदार लाभार्थी नकोत, आणि तुमच्यापेक्षा तरुण हवेत. हो, हसू नका! वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला कोर्टात उभं करावं लागतं. ओहायोतल्या शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, आता त्यांना शिवाजीनगर कोर्टात कोण आणणार? म्हणून म्हणते, डिसेंबरात आलात तसं दाताच्या डॉक्टरांकडे जाता जाता हेही उरका.

मुंबईकरांना 'प्रोबेट', म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का, हा शब्द माहीत असतो. मुंबईतल्या मिळकतीसाठी त्याची सक्ती करणारं कलम संसदेने २०२५ च्या डिसेंबरात काढून टाकलं. पण सक्ती गेली म्हणून खिडकीमागच्या माणसाची शंका गेली असं नाही. आणि मृत्युपत्र नसेल तर आपल्याकडे वारस दाखला आहेच. तो कोर्ट आजही १८२७ च्या रेग्युलेशनखाली देतं. एल्फिन्स्टनच्या काळातला कायदा, आणि वारस बसलेत सिडनीत!

कुलमुखत्यारपत्राबद्दल एकच वाक्य, पण ते लिहून घ्या: ते देणारा गेला की ते संपतं. "भावाकडे पॉवर आहे, तो बघेल." तुम्ही असेपर्यंत बघेल. त्यानंतर तोच कागद वापरून त्याने सही केली तर तो अडचणीत येतो. हयातीत मात्र ते फार उपयोगी. वकिलातीत किंवा तिथे नोटरी करून अपोस्टिलसह, म्हणजे तिथल्या सरकारी शिक्क्यासह, पाठवा, आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरा.

आता शेवटचा मुद्दा, माझ्या आवडीचा. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, व्यवस्थापक, कोण नेमायचा?

ऑगस्ट १८९७. पुण्यात पटकीची साथ. कोल्हापूरचे सरदार बाबा महाराज पंडित मरणाच्या दारात. ते मृत्युपत्र करतात आणि व्यवस्थापकांत कुणाला नेमतात? लोकमान्य टिळकांना. टिळक कोण त्या दिवशी? राजद्रोहाच्या खटल्यातला आरोपी, नुकताच जामिनावर सुटलेला! ७ ऑगस्टला सही झाली आणि त्याच दिवशी बाबा महाराज गेले. पुढचं ताई महाराज प्रकरण आपण शाळेत एका ओळीत वाचतो. ताई महाराज म्हणजे बाबा महाराजांच्या पत्नी. त्यांच्यामागे जन्मलेला मुलगा दगावला, मग दत्तक. ते दत्तविधान १९०१ मध्ये औरंगाबादला झालं, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखात, इंग्रजी हद्दीबाहेर. बघा, तेव्हाही दोन राज्यं होतीच! मग ताई महाराजांनी दुसरा मुलगा दत्तक घेतला, टिळकांचं प्रोबेट रद्द झालं, खोट्या साक्षीचा फौजदारी खटला झाला, शिक्षा झाली, हायकोर्टात ती रद्द झाली, आणि दिवाणी दावा जाऊन पोचला लंडनला, प्रिव्ही कौन्सिलमध्ये. निकाल टिळकांच्या बाजूने लागला तो मार्च १९१५ मध्ये. मधे सहा वर्षं मंडालेचा तुरुंग! अठरा वर्षं त्या माणसाने एका मित्राच्या शब्दाचं ओझं वाहिलं.

आणि आपण काय करतो? 'व्यवस्थापक: थोरला चिरंजीव, राहणार सिडनी.' का? थोरला आहे म्हणून. अहो, व्यवस्थापक हा मानाचा नारळ नाही. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती काढणं, सोसायटीच्या सभेला बसणं, फेरफार होईपर्यंत तलाठ्याकडे खेटे घालणं, भाडेकरूला बाहेर काढणं, हे सिडनीहून व्हिडिओ कॉलवर होत नाही. इथे राहणारा हवा. तुमच्यापेक्षा लहान हवा. त्याला आधी विचारलेलं हवं. आणि त्याचं काही झालं तर दुसरा कोण, हेही लिहिलेलं हवं. टिळक मिळणार नाहीत. पण निवृत्त बँकवाली मावसबहीण प्रत्येक घरात असते, तिला कुणी विचारत नाही.

ज्यांची मुलं लहान आहेत त्यांच्यासाठी: तुम्ही दोघंही एका गाडीत असता. दोघांचंही एकाच दिवशी काही झालं तर मुलं कुणाकडे, हे तिथल्या मृत्युपत्रात लिहा. नागपूरच्या आजी-आजोबांना व्हिसा मिळेपर्यंत ती कुणाच्या घरी राहतील, हेही लिहा, आणि ज्यांचं नाव लिहाल त्यांना आधी विचारा. पैशाचं मागाहून निस्तरता येतं. आणि ज्या भारतीय सिमकार्डावर सगळ्या बँकांचे ओटीपी येतात, ते कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे हेही कुणाला तरी सांगून ठेवा. रिचार्जसकट.

वेळ संपली, घंटाही वाजली, आणि चिटणीस चहाकडे बघतायत. प्रश्न जरूर विचारा, मी अर्धा तास आहे. अट एकच. "माझ्या एका मित्राचा कोथरूडला फ्लॅट आहे आणि त्याचा मुलगा टोरांटोला असतो" अशी सुरुवात करायची नाही. गेली कित्येक वर्षं व्याख्यानांनंतर मी त्या मित्राची वाट बघते आहे. तो एकदाही आलेला नाही. तुम्हीच या, आणि येताना फ्लॅटच्या इंडेक्स टूची झेरॉक्स घेऊन या.